साहेबांसाठी बत्तीस कोअर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आला! स्वतःच्या पायांनी चालत आला!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. दुपारी काउंटरमागे बसून एका जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ काढत होते. काचेचं दार ढकलून कुणीतरी आत आलं आणि म्हणालं, "इथे कॉम्प्युटर कोण बनवून देतं?" नुसत्या आवाजावरूनच ओळखलं. वर बघितलं तर साहेब! डोक्यावरचे केस गेलेत, पोट पुढे आलंय, बोलताना शर्टाची बाही ओढायची सवय तीच. दुकानाचे मालक, आमचे काका, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या बनवतात. इथलं सगळं ह्यांच्या हातचं."

त्याने माझ्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे. आणि ओळखलं नाही!

सात वर्षं ह्या माणसाच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर बसून ड्रॉइंग काढली. मान्य, मी वाळलेय, वेणी कापली, चष्मा लागला. पण सात वर्षं!

"मॅडम, शनिवारी येतो. मला टॉपचं मशीन पाहिजे," म्हणाला आणि गेला. मी "या ना" म्हटलं. काय गोड आवाजात म्हटलं! माझी मलाच भीती वाटली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी लवकर उठले. नवरा अजून घोरतोय. लिहून टाकते, म्हणजे डोकं थंड राहील. (राहणार नाही.)

त्याच्या ऑफिसातलं माझं शेवटचं काम. पाच मजली इमारत होती. साहेब प्रवासात. फोनवर म्हणाला, "तो पुढचा कॉलम सव्वा मीटर डावीकडे घे." मी म्हटलं, "साहेब, डावीकडे घेतला तर पार्किंगच्या दारात येतो." तो म्हणाला, "तू इंजिनीअर आहेस का मी? सांगितलं तेवढं कर." केलं. दीड महिन्याने पार्किंगच्या दाराच्या मधोमध काँक्रीटचा खांब उभा! गाडी आत जाईना. साईटवर इमारतीचा मालक, कॉन्ट्रॅक्टर आणि सात-आठ गवंडी जमलेले. सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून साहेब म्हणतो कसा — "ही बाई झोपेत ड्रॉइंग काढते. उद्यापासून येऊ नकोस."

फोनवरच्या बोलण्याला पुरावा कसला? एक गवंडी खाली मान घालून हसत होता. तो अजून दिसतो मला.

त्यानंतर पाच ऑफिसांत गेले. पाचव्या ठिकाणी रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "अच्छा, ती कॉलमवाली तुम्हीच का?" मग नाही गेले कुठे. दोन वर्षं घरात बसून भिंतींशी बोलले. काकांनी बिलं टाइप करायला म्हणून ठेवलं, तिथून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. आता ह्या भागात माझ्यासारखं मशीन कुणी बांधत नाही. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. काल वाटलं, नऊ मिनिटं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विचार करून ठेवलाय.

सैल स्क्रू? छे. कच्चं काम केलं तर नाक माझंच कापलं जाईल. खराब रॅम? वॉरंटीत परत येईल, काकांना मनस्ताप. नाही! मशीन चांगलंच द्यायचं. एक नंबर द्यायचं. फक्त त्याच्या कामाचं द्यायचं नाही.

प्रोसेसरमधले कोअर म्हणजे ऑफिसातली माणसं. व्हिडिओवाल्यांचं काम वाटून घेता येतं, तिथे माणसं जितकी जास्त तितकी बरी. पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं काम एकाच माणसाच्या डोक्यावर टाकतं. बाकीचे बघत बसतात. (साहेबाचं ऑफिसच की!) म्हणून ड्रॉइंगला कोअर थोडे चालतात, पण एकेक चपळ लागतो. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. गिऱ्हाईकाला नसतं. गिऱ्हाईक खोक्यावरचा आकडा वाचतं.

आणि वरच्या फळीवर एक खोकं आहे. दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओवाल्याने मागवलं आणि न्यायला आलाच नाही. बत्तीस कोअर! खोकंसुद्धा केवढं, देव्हाऱ्यात ठेवावं असं. पण त्यातला एकेक कोअर म्हणजे नुसती गोगलगाय. नाव मोठं, लक्षण खोटं.

मोठी ड्रॉइंग उघडली की चक्र फिरत राहील. झूम केलं, थांबा. सेव्ह केलं, थांबा. दिवसातून दोनशे वेळा, वर्षानुवर्षं. आणि कुणालाही दाखवा, म्हणतील, अरे वा, बत्तीस कोअर, आणखी काय पाहिजे? केसाने गळा कापायचा म्हणतात तो असा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

झालं! झालं झालं झालं!

जेवायच्या सुट्टीत लिहितेय, डबा तसाच पडलाय.

आमच्याकडे पद्धत आहे, आधी गिऱ्हाईकाचं काम विचारायचं आणि कार्डावर लिहायचं, मगच प्रोसेसर. काकांचा नियम. विचारलं. म्हणाला, "स्ट्रक्चरल ड्रॉइंग. मोठमोठ्या इमारती आहेत आमच्याकडे." मी विचारलं, "पुढेमागे व्हिडिओ? इमारतीतून फिरल्यासारखं दाखवतात तसे?" लगेच छाती फुगली. "हो हो, ते तर करणारच." लिहिलं: काम — ड्रॉइंग, व्हिडिओ.

मग दोन खोकी पुढे ठेवली. एक लहान, आठ कोअरचं, खरं त्याच्या कामाचं. म्हटलं, "ड्रॉइंगला हा पुरतो." मुद्दाम 'पुरतो' म्हटलं. असला माणूस पुरणारी वस्तू कधी घेत नाही! मग दुसरं खोकं नुसतं जवळ सरकवलं. बोललेच नाही काही.

"हे काय आहे?"

"हा मोठ्या स्टुडिओवाल्यांसाठी असतो. बत्तीस कोअर. तुम्हाला एवढा कशाला लागतोय?"

"का नाही लागणार?" चिडलाच. "समोरच्या ऑफिसवाल्याने सोळाचं घेतलंय. त्याच्या दुप्पट झालं की नाही?"

"झालं ना," मी म्हटलं. "बरोब्बर दुप्पट."

एक शब्द खोटा बोलले नाही मी. एकसुद्धा! काकांनी फळी रिकामी झालेली बघितली आणि खूश होऊन दोन चहा सांगितले. साहेबाने माझ्यासमोर बसून चहा प्यायला. फुंकर मारून पितो अजून.

सोमवार, १० फेब्रुवारी

बांधलं. इतकं देखणं मशीन वर्षभरात बांधलं नसेल. वायरी अशा ओढून बांधल्या की आत नुसता मोकळा वारा. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरखाली पेस्ट मटारएवढी, ना कमी ना जास्त. कूलर एकदम गप्प. कुणाला चूक काढायची असेल तर काढून दाखवावी!

काका म्हणाले, "ह्याच्यावर भारी जीव लावलास गं." मी म्हटलं, "जुनं गिऱ्हाईक आहे."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नेलं. गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं, लेकराला बसवावं तसं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आठवडा झाला. फोन नाही. दर वेळी दुकानाचा फोन वाजला की कान टवकारते. सूड घेतला तरी तो दिसायला नको का? न दिसणारा सूड म्हणजे स्वतःच्या पाठीवरचं गोंदण.

नवऱ्याला सांगितलं शेवटी. पोट फुगून आलं होतं. आधी हसला. मग म्हणाला, "अगं, पण तो स्वतः बसतो का कॉम्प्युटरवर?"

काय बोलतो हा! ऑफिस त्याचं, मशीन त्याचं, तोच बसणार ना.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फोन आला. त्याचा नाही.

एक मुलगी. कुजबुजत बोलत होती, जिन्यात उभी असावी, आवाज घुमत होता. "ताई, तुमच्याकडून आमच्या साहेबांनी मशीन नेलंय ना, त्याबद्दल विचारायचं होतं. साहेबांना सांगू नका मी फोन केला म्हणून. ड्रॉइंग उघडायला फार वेळ घेतंय. जुन्यापेक्षाही जास्त. माझंच काही चुकतंय का?"

साहेबाच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते ती. मी केली तीच नोकरी. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल जम. का म्हटलं असं? दुसरं सुचलं नाही.

एकदा आनंद झाला, हे लिहायलाच हवं. 'जुन्यापेक्षाही जास्त' म्हणाली तेव्हा टेबलाखाली मूठ वळली माझी. मग फोन ठेवल्यावर नवऱ्याचं वाक्य आठवलं. मी एवढी शहाणी, सगळं मोजलं, आणि साहेब आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने रेघ ओढत नाही हे विसरले! सात वर्षं त्याच्या रेघा कोण ओढत होतं? मीच ना?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पुन्हा तिचा फोन. ह्या वेळी रडवेली होती.

साहेब सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, "हत्ती आणून दिला, पण माहूतच झोपाळू." पुन्हा झोप! नऊ वर्षांत ह्याला नवा शब्द मिळाला नाही. कामं उशिरा निघतायत, तिच्यामुळे. मशीन? मशीन तर शहरातलं टॉपचं. मार्चअखेर तिचे सहा महिने भरतात, मग कायम करायचं कबूल केलं होतं. आता म्हणतो, बघू. "ताई, घरात मी एकटीच कमावते हो. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर मीच वळून दिलाय.

पण साहेबाचं काय? त्याला काहीच नाही? तसाच सुटणार? हाही राग आहेच. दोन्ही राग एकाच पोटात मावत नाहीयेत.

सोमवार, ३ मार्च

गेले. सर्व्हिसला म्हणून, बॅग खांद्याला लावून. साहेब साईटवर होता, तेच बघून गेले.

तोच जिना, तोच कठडा. माझं टेबल खिडकीजवळून हलवून आता भिंतीला लावलंय. तिथे ती मुलगी. चष्मेवाली, बारीक, वीस-बावीसची. खुर्ची सोडून उभी राहिली, "बसा ना ताई." त्या खुर्चीत बसले मी!

मशीन उघडलं. आत एक कण धूळ नाही, रोज पुसते म्हणे. एक मोठी ड्रॉइंग उघडून दाखवली. पडद्यावर बत्तीस चौकोन, प्रत्येक कोअरचा एक. एक चौकोन काठोकाठ भरलेला, बाकी एकतीस जवळजवळ रिकामे. दोघी त्याकडे बघत होतो. हुशार आहे पोरगी. लगेच म्हणाली, "ताई, हे बाकीचे का काही करत नाहीत?"

तिथेच सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. जिभेपर्यंत आलं होतं.

म्हटलं, "सॉफ्टवेअरचंच तसं असतं."

दोन-चार सेटिंग बदलल्या, शून्य फरक पडणाऱ्या. ती तीन वेळा थँक्यू म्हणाली.

मंगळवार, ४ मार्च

भित्री. भित्री. भित्री.

गुरुवार, ६ मार्च

काकांना सांगितलं. सगळं. कॉलमपासून.

वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. कार्ड काढून वाचलं: काम — ड्रॉइंग, व्हिडिओ. कार्ड काउंटरवर ठेवलं. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकाला चुकीचा माल दिला असेल मी. चुकून. जाणूनबुजून नाही दिला." लगेच पुढे म्हणाले, "उद्या जा. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलून दे. आपल्या खर्चाने. आणि त्याला सांग की मशीन चुकीचं होतं, मुलगी नव्हे."

हे शेवटचं वाक्य त्यांनीच सुचवलं. मी अजून साहेबाला काय काय सुनवायचं तेच जुळवत होते.

शुक्रवार, ७ मार्च

नीट लिहिते. जसं झालं तसं.

साहेब केबिनमध्ये होता. मी म्हटलं, "सर, तुमच्या कामाला हा प्रोसेसर बरोबर नाही. चूक आमची आहे. कमी कोअरचा बसवते, काम दुप्पट वेगाने होईल. तुमच्याकडच्या मुलीची काही चूक नव्हती."

"कमी कोअरचा?" असा दचकला जसं मी त्याचं घर मागितलं. "नाही नाही मॅडम. येणाऱ्या प्रत्येक क्लायंटला बत्तीस दाखवतो मी. समोरच्याने परवा येऊन बघितलं, गप्प झाला. आता काढून आठ बसवू?"

"पण सर, चूक झालीय —"

"झाली तर झाली." खुर्चीत मागे रेलला. चांगल्या मूडमध्ये होता. "मॅडम, वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. धंद्यात चूक कबूल करायची नसते. मागे एकदा मी फोनवर एक कॉलम चुकीचा सांगून बसलो. थेट पार्किंगच्या दारात! आमच्याकडची मुलगी सांगत होती बिचारी, मीच ऐकलं नाही. आता क्लायंटसमोर काय करणार? ढकललं तिच्यावर. त्या क्लायंटने पुढे तीन इमारती दिल्या मला!" आणि हसला. पोट हलवून हसला. नेहमी सांगत असणार हा किस्सा, पाठ होता.

त्याला माहीत होतं! त्या दिवशीही माहीत होतं. मला नऊ वर्षं कधीकधी वाटायचं की त्याला खरंच आठवत नसेल फोनवर काय म्हणाला ते. तेवढा संशयाचा फायदा मी त्याला देत आले होते.

म्हटलं, "ती मुलगी मी."

चष्मा खाली करून बघितलं. खूप निरखून बघितलं. "छे हो! ती जाड होती."

आरडाओरड करायची होती. टेबलावरचा पेपरवेट दिसत होता. काय सुनवायचं ते नऊ वर्षं घोकलेलं होतं. दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काय? मी एवढंच म्हटलं, "ह्या मुलीला तरी कायम करा."

"तिला?" तो बाही ओढत म्हणाला. "तिला सकाळीच सांगितलं, सोमवारपासून नको येऊस. असल्या मशीनवर झोपाळू माणसं परवडत नाहीत."

बाहेर आले तर भिंतीकडची खुर्ची रिकामी. मशीन चालूच होतं. कूलर एकदम गप्प.

सोमवार, १० मार्च

तिचा नंबर लावला. बंद.

मंगळवार, ११ मार्च

बंद. काका म्हणाले, ती आली तर इथेच कामाला घेऊ, तूच शिकव. चांगला माणूस. दिवसभर मनात तिला शिकवत होते, पेस्ट किती लावायची, कूलर कसा बसवायचा. मनातल्या मनात तिने मला माफपण केलं. सोयीचं असतं हे.

शुक्रवार, १४ मार्च

साहेबाचा राग आता पहिल्यासारखा येत नाही. आणायला बघते, येत नाही. त्या जागी भलतंच काहीतरी येतं.

बुधवार, १९ मार्च

आज ती दुकानात आली. कामासाठी नाही. काकांनी नोकरीचं विचारलं, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी बसून सगळं वाचून काढलं होतं तिने. कोअर, वेग, सगळं. काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "ड्रॉइंगसाठी तो प्रोसेसर कुणी दिला?" मी म्हटलं, "मी." "तुम्हाला माहीत होतं?" "हो." ती ओरडली नाही, रडली नाही. ताईही म्हणाली नाही. फक्त माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. साहेबाचं नाव मी नऊ वर्षं जपलं, तसं आता ती माझं जपेल.